एक चालू, एक स्टँडबाय

खांबेटे दोन्ही मनगटांवर घड्याळ लावतात. आखातात राहणारा माणूस दोन घड्याळं लावतो म्हटल्यावर तुम्हाला वाटेल, एक इथली वेळ दाखवत असेल आणि दुसरं भारतातली. मलाही आधी तसंच वाटलं होतं. पण खांबेट्यांची दोन्ही घड्याळं जेद्दाचीच वेळ दाखवतात. डाव्या हातातलं चालू, उजव्या हातातलं स्टँडबाय. डावं बंद पडलं तर काय करायचं, हा त्यांचा प्रश्न, आणि उजवीकडे बघायचं, हे त्यांचंच उत्तर. डावं आजवर एकदाही बंद पडलेलं नाही. तो निव्वळ योगायोग आहे आणि त्यावर विसंबून चालत नाही, असं ते म्हणतात.

अविनाश खांबेटे मूळचे नाशिकचे, पेशाने इंजिनियर. समुद्राचं खारं पाणी गोडं करणाऱ्या प्लांटमध्ये त्यांची अर्धी हयात गेली. तिथे म्हणे प्रत्येक पंपाशेजारी अगदी तसाच दुसरा पंप नुसता उभा असतो. पहिला बसला की दुसरा सुरू. शहराला पाणी पाजायचं तर ही पद्धत शहाणपणाची, हे मीही मानतो. पण हा माणूस ती पद्धत घरी घेऊन आला. त्यांच्याकडे दोन कुकर, दोन इस्त्र्या, दोन चष्मे आणि दोन छत्र्या आहेत. जेद्दात छत्री लागते ती वर्षातून एखाद्या दिवशी, आणि त्या दिवशी रस्ते तुंबतात म्हणून कुणी घराबाहेर पडत नाही. तुम्ही एकटेच चहाला गेलात तरी तुमच्यापुढे दोन कप येतात. त्यातला एक रिकामा असतो. "एक चालू, एक स्टँडबाय," खांबेटे म्हणतात. "सिस्टीम म्हणजे सिस्टीम."

बायको मात्र एकच, आणि तीही नाशिकला.

मी इकबाल, दापोलीकडचा. जेद्दातल्या शराफिया भागात एका कार्गोच्या दुकानात मॅनेजर आहे. म्हणजे लोकांनी गावी पाठवायची ब्लँकेटं, दूधपावडरचे डबे आणि साबणाच्या वड्या खोक्यात कोंबून घ्यायच्या, वर टेप मारून घ्यायची, आणि खोकं उशिरा पोचलं की शिव्या खायच्या. खांबेटे आमच्याच बिल्डिंगमध्ये, आमच्या डोक्यावर राहतात. गेली कित्येक वर्षं मी त्यांची टिंगल करतो आणि त्यांना ती कळत नाही. कळते पण ते दाखवत नाहीत, असं माझी बायको रुखसाना म्हणते. तिचं त्यांच्याबद्दल मत चांगलं आहे. माझ्याबद्दल विचारू नका.

सुनंदावहिनी, म्हणजे खांबेट्यांच्या मिसेस, आधी इथेच होत्या. मुलगी इंडियन स्कूलमध्ये शिकत होती. तेवढ्या वर्षांत वहिनींनी अरबस्तान पाहिलं ते एवढं: फ्लॅट, शाळेचं फाटक, दोन मॉल आणि समुद्राकाठची कॉर्निश. त्या वेळी बायकांना गाडी चालवायची परवानगी नव्हती, आणि खांबेटे शुक्रवारीसुद्धा कुणाच्या तरी बदली ड्युटीला असायचे. माणूस स्वतःच प्लांटचा स्टँडबाय झाला होता. कॉर्निशच्या पलीकडे काय आहे ते दाखवा, असं वहिनी म्हणायच्या. "शटडाऊन संपू दे, मग जाऊ," असं खांबेटे म्हणायचे. शटडाऊन म्हणजे वर्षातून एकदा प्लांट थांबवून केलेली दुरुस्ती. ती संपली की पुढच्या शटडाऊनची तयारी सुरू व्हायची.

मग सरकारने बायकामुलांवर माणशी फी बसवली. इकाम्याचं, म्हणजे इथे राहायच्या परवान्याचं, नूतनीकरण करायला गेलं की तोंडचं पाणी पळायचं. आमची निम्मी बिल्डिंग रिकामी झाली. आमच्या दुकानात ईद आणि दिवाळी एकदमच आली आहे, असं मालक खुशीत म्हणायचा. वहिनींच्या संसाराची खोकी मीच बांधली. दोन कुकरांपैकी एक त्या घेऊन जात होत्या, तर खांबेट्यांनी दुसऱ्याच दिवशी स्टँडबाय म्हणून नवा आणला. रुखसाना एका दवाखान्यात रिसेप्शनला आहे, तिचा इकामा तिच्या नोकरीवर, म्हणून माझा संसार इथेच राहिला. तेव्हापासून सुनंदावहिनी आणि रुखसाना दर आठवड्याला फोनवर बोलतात. त्या बोलत असताना मी जेवण स्वतः वाढून घेतो.

खांबेट्यांनी व्हॅन घेतली ती वहिनींसाठी. जुनी, सात सीटांची व्हॅन. त्यातल्या सीटा काढून बलदमधल्या, म्हणजे जुन्या जेद्दातल्या, एका सुताराकडून त्यांनी आत ओटा, कपाटं आणि पलंग करून घेतला. खांबेटे दर आठवड्याला मोजमाप बदलायचे, आणि शेवटी त्या सुताराने फोन उचलणं बंद केलं. वहिनींना व्हिजिट व्हिसावर बोलवायचं, थंडीचे तीन महिने ठेवून घ्यायचं, आणि ताइफ, अल-उला, अबहा, सगळा देश गाडीतून दाखवायचा, असा प्लॅन. रिटायर व्हायला दोनेक वर्षं उरली आहेत, त्याच्या आत हे व्हायला हवं. भेटेल त्याला ते सांगायचे, "सुनंदा डिसेंबरमध्ये येतेय." शराफियातल्या भाजीवाल्या मल्याळ्यालासुद्धा माहीत होतं.

फक्त सुनंदावहिनी येणार नव्हत्या. त्यांनी रुखसानाला तसं स्पष्ट सांगितलं, आणि वर कामगिरीही सोपवली. "तूच सांग ग त्यांना. मी सांगायला गेले की ते ऐकून घेत नाहीत, प्लॅन सांगतात."

हे झालं शुक्रवारी. शनिवारी सकाळी खांबेट्यांच्या व्हॅनची ट्रायल रन होती, आणि तिच्यात आम्ही दोघं प्रवासी होतो.

"तुमी मधे बोलू नका हां," रुखसाना जिना उतरताना म्हणाली. "मना जमन तवा मी सांगन."

"आत्ताच सांग आणि घरी चल. पेट्रोल वाचेल."

ती माझ्याकडे बघून नुसती पुढे गेली.

खाली खांबेटे पिवळं जॅकेट घालून उभे होते. प्लांटमध्ये काम सुरू करण्यापूर्वी माणसांना गोळा करून धोक्यांची माहिती देतात, तशी ती त्यांनी आम्हा दोघांना रस्त्यावर उभं करून दिली. आग विझवायची नळकांडी दोन, एक पुढे, एक मागे. प्रथमोपचाराची पेटी दोन. आग लागलीच तर सगळ्यांनी गाडीपासून लांब एका जागी जमायचं आणि हजेरी द्यायची.

"आपण तिघंच आहोत, खांबेटेसाहेब. ओळखू एकमेकांना."

"धुरात ओळखता येत नाही, इकबाल," ते गंभीरपणे म्हणाले. "सिस्टीम म्हणजे सिस्टीम."

व्हॅनच्या आत शिरल्यावर कळलं की प्रत्येक वस्तू दोनदा ठेवली की माणसाला जागा उरत नाही. दोन शेगड्या, दोन सिलिंडर, दोन घडीची टेबलं, दोन कंदील, पाण्याच्या दोन टाक्या आणि त्यांच्यामध्ये पितळेचा एक वॉल्व्ह. रुखसाना मागच्या एकुलत्या सीटवर गुडघे पोटाशी घेऊन बसली. पलंग चांगला ऐसपैस होता, पण त्याच्या गादीवरचं प्लास्टिक काढलेलं नव्हतं आणि त्यावर बसायला बंदी होती. "ते कमिशनिंगनंतर," खांबेटे म्हणाले. कमिशनिंग म्हणजे वहिनींचं आगमन. रुखसानाने खिडकीबाहेर बघितलं.

शिवाय व्हॅन शाकाहारी होती. हे मला आदल्या दिवशी कळलं असतं तर बरं झालं असतं, कारण माझ्याकडे तळलेल्या सुरमईचा डबा होता. खांबेट्यांनी त्याला मनाई केली नाही. फक्त तो उघडायचा झाला तर गाडीच्या बाहेर, वाऱ्याच्या उलट्या दिशेला, असं ठरवून दिलं.

जेद्दा सोडून ताइफकडे निघालं की मक्केच्या अलीकडे रस्ता फुटतो. हरमच्या, म्हणजे मक्केच्या पवित्र हद्दीत फक्त मुसलमानांना प्रवेश, खांबेट्यांना जाता येत नाही, म्हणून आम्ही बाहेरून वळसा घालणारा रस्ता धरला. या रस्त्याने मी कधी गेलोच नव्हतो. तो फाटा मागे पडताना रुखसाना तोंडातल्या तोंडात दुआ म्हणत होती. मला उगीच अवघडल्यासारखं झालं, आमच्यामुळे त्यांना वळसा पडला की त्यांच्यामुळे आम्हाला, ते कळेना. खांबेटे मात्र खुशीत होते.

"तुमची मेन लाइन, आमची बायपास लाइन," ते म्हणाले. "बायपास नसेल ना इकबाल, तर अख्खा प्लांट बंद ठेवावा लागतो. ज्याने हा रस्ता काढला तो इंजिनियर हुशार."

त्यानंतर हदाचा घाट लागेपर्यंत त्यांनी आम्हाला प्लांटमधल्या बायपास लाइनी एकेक करून सांगितल्या. बाहेर काळे उघडे डोंगर, मधूनच उंटांचा कळप, पत्र्याच्या शेडखाली बसलेला मेंढपाळ, सगळं सुंदर होतं. त्यातलं काही दाखवायचं म्हणून त्यांनी हात वर केला की आम्ही बघायचो, तर ते गाडीच्या छतातल्या पंख्याबद्दल बोलत असायचे. पंखे अर्थात दोन.

रुखसानाने दोनदा प्रयत्न केला. "भाऊ, मला तुम्हाला एक सांगायचं होतं."

"सांगा ना. पण आधी हे बघा, सुनंदाला उन्हाचा त्रास होतो, म्हणून या बाजूला डबल पडदा."

दुसऱ्या वेळी तिने नुसतं "सुनंदा" एवढंच म्हटलं, तर त्यांनी वहिनींच्या गुडघ्यांसाठी बनवलेली घडीची पायरी काढून दाखवली. गाडी चालवता चालवता. मी कलमा पढलो.

घाटाच्या वर, जिथून खालची दरी दिसते, तिथे आम्ही जेवायला थांबलो. हदाच्या माकडांबद्दल तुम्ही ऐकलं असेल. ती माकडं म्हणजे चांगली दांडगी, आयाळवाली, कुत्र्यासारख्या तोंडाची वानरं, आणि पर्यटकांच्या डब्यावर त्यांचा पिढीजात हक्क आहे. खांबेट्यांनी टेबल मांडलं. त्यांच्या मेथीच्या पराठ्यांचा डबा टेबलावर, रुखसानाची घावनं आणि चटणी टेबलावर. माझी सुरमई नियमाप्रमाणे गाडीपासून लांब, वाऱ्याच्या उलट्या दिशेला, एका दगडावर.

पुढे काय झालं ते सांगायला नको. एक थोराड नर शांतपणे चालत आला, त्याने पराठ्यांचा डबा काखेत मारला, आणि जाता जाता माझाही उचलला. खडकावर बसून त्याने दोन्ही उघडले. पराठे खाल्ले. सुरमईचा वास घेतला, माझ्याकडे एकदा बघितलं, आणि डबा दरीत फेकून दिला. वानराकडून झालेला अपमान विसरायला वेळ लागतो.

"घाबरू नका," खांबेटे म्हणाले आणि गाडीतून दुसरा डबा घेऊन आले. त्यातही मेथीचे पराठे होते, तेवढेच. त्यांचा चेहरा असा फुलला होता की पंचवीस वर्षं ते या वानराचीच वाट बघत होते असं वाटावं. माझ्या सुरमईला स्टँडबाय नव्हता. मी पराठा खाल्ला. चांगला झाला होता, आणि म्हणूनच जास्त राग आला.

पण अल्ला सगळ्यांचा हिशोब बरोबर ठेवतो. जेवण झाल्यावर मी वजू करायला, म्हणजे नमाजाआधी हातपाय धुवायला, नळ सोडला, तर नुसती हवा आली. खांबेट्यांनी पितळेचा वॉल्व्ह फिरवून दुसरी टाकी जोडली. तिच्यातूनही हवाच आली. खांबेटे गाडीखाली शिरले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. झालं होतं असं, की गळती तपासायला त्यांनी गुरुवारी दोन्ही टाक्या रिकाम्या केल्या होत्या. परत भरायच्या वेळी पहिलीकडे बघून दुसरी भरलेली आहे म्हणाले असतील, आणि दुसरीकडे बघून पहिली भरलेली आहे.

"खांबेटेसाहेब," मी म्हणालो, "तुम्ही अर्ध्या जेद्दाला पाणी पाजता."

"ही ह्यूमन एरर आहे," ते गाडीखालूनच म्हणाले.

"ह्यूमनचा स्टँडबाय नाही ठेवलात?"

रुखसानाने माझा दंड चिमटीत धरून पिळला.

पाणी शोधत आम्ही शफाच्या वाटेला लागलो. डाळिंबाच्या एका बागेत म्हातारा मालक पाईपने झाडांना पाणी देत होता. आम्ही काही बोलायच्या आधीच तो "तफद्दल, तफद्दल", या, या, करत पुढे आला. टाक्या भरल्या, मी वजू करून नमाज पढलो, आणि आम्हाला झाडाखाली चटईवर बसवून कहवा आणि खजूर समोर आले. खांबेटे चटईवर बसायला तयार नव्हते. त्यांना त्याच्या विहिरीवरचा पंप बघायचा होता. तो बघून आल्यावर त्यांनी मोडक्या अरबीत विचारलं, दुसरा पंप कुठे आहे. म्हातारा म्हणाला, एकच आहे. बंद पडला तर? "अल्ला करीम," म्हातारा म्हणाला आणि कपात कहवा ओतला. खांबेट्यांनी कपाळाला हात लावला.

मग म्हाताऱ्याला व्हॅन बघायची हुक्की आली. दोन शेगड्या बघून तो हसला, दोन कंदील बघून आणखी हसला. पलंगापाशी मात्र थांबला. गादीवरच्या प्लास्टिकवर त्याने बोट ठेवलं आणि खांबेट्यांना विचारलं, "वेन मदाम?" बाई कुठे आहेत?

"बुकरा," खांबेटे म्हणाले. उद्या. डिसेंबरला अरबीत काय म्हणतात ते त्यांना आठवलं नसावं.

"बुकरा, इन्शाल्ला," म्हातारा म्हणाला आणि त्याने त्यांच्या खांद्यावर थोपटलं. या देशात ज्याने एकदा तरी सरकारी खिडकीवर कागद दिला आहे, त्याला बुकरा म्हणजे काय ते ठाऊक आहे. दिवसभरात प्रथमच मला खांबेट्यांची चेष्टा करावीशी वाटली नाही. रुखसाना उठली आणि व्हॅनच्या दारापाशी गेली.

"भाऊ, सुनंदा येत नाही," ती म्हणाली.

खांबेटे कपाटाचं दार लावत होते. ते नीट लागेना. त्यांनी परत उघडून परत लावलं.

"डिसेंबरमध्ये थंडी जास्त असते," ते म्हणाले. "मग फेब्रुवारी ठेवू."

"फेब्रुवारीत पण नाही, भाऊ. ती येणारच नाही आहे. नाशिकला तुमच्या आईंना टाकून कुठे येणार ती? आणि तिचं तिकडे सगळं चालू आहे. तिने मला तुम्हाला सांगायला सांगितलं."

"आईसाठी बाई ठेवता येईल. दोन ठेवू. एक दिवसा—"

"भाऊ."

ते थांबले. मग त्यांनी खाली बघत विचारलं, "तुमच्याशी ती किती वेळ बोलते?"

"असं काही मोजत नाही. तासभर बोलतो कधी कधी."

"तासभर," खांबेटे म्हणाले. "काय बोलते एवढं?"

मी उगाच पाईप गुंडाळत उभा राहिलो. खांबेटेच पुढे म्हणाले, "मला विचारते, जेवलात का, गोळ्या घेतल्या का. मी हो म्हणतो. मग ठेवते." हे त्यांनी तक्रार म्हणून सांगितलं नाही. मीटरवरचा आकडा सांगावा तसं सांगितलं. म्हाताऱ्याने आम्हाला पिशवीभर डाळिंबं दिली आणि आम्ही परत निघालो.

घाट उतरायला लागलो तेव्हा सूर्य मावळून मगरिबची नमाज होऊन गेली होती. खांबेटे एक अक्षर बोलत नव्हते. पंख्याबद्दल नाही, पडद्याबद्दल नाही. मला ते सहन होईना, म्हणून मी मुद्दाम बायपास लाइनीचा विषय काढला, तर त्यांनी "हं" म्हटलं. एवढ्यात रुखसानाचा फोन वाजला. सुनंदावहिनी. गाडीचा आवाज एवढा होता की तिने उचलून स्पीकरवर टाकला, आणि टाकल्यावर तिच्या लक्षात आलं.

"सांगितलंस का ग?" वहिनींचा आवाज गाडीभर झाला.

रुखसानाने पुढे बघितलं. खांबेट्यांनी मान न वळवता एक हात वर करून हलवला: बोलू दे.

"सांगितलं," रुखसाना म्हणाली.

"मग? फेब्रुवारी म्हणाले ना?"

"हो."

"मला माहीत होतं. जाऊ दे, तू ऐक, परवाची गंमत सांगायची राहिली. आईंना घेऊन वणीला गेले होते. मी गाडी चालवत. आईंनी नवस बोलला होता, सुनेला लायसन मिळू दे म्हणून. तो फेडायला. घाट सुरू झाल्यापासून त्या डोळे मिटून जप करतायत. मी म्हटलं, आई, डोळे उघडा, घाट बघा. तर म्हणाल्या, देवी बघतेय तेवढं पुरे आहे. दोन ट्रक मागे टाकले ग मी. एकाने हॉर्न दिला तर आईंनी डोळे न उघडता त्याला शिवी दिली."

रुखसाना हसली. मी खांबेट्यांकडे बघितलं. आपली बायको गाडी चालवते हे त्यांना माहीत नव्हतं. ते त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलं होतं.

"भाऊंना सांगितलं नाहीस?" रुखसानाने विचारलं, बहुधा त्यांच्यासाठीच.

"कसं सांगू? दोन लायसन काढ म्हणतील." वहिनी स्वतःच हसल्या, आणि मग त्यांचा आवाज खाली आला. "व्हॅन कशी आहे ग? खरं सांग."

"चांगली आहे. पाय ठेवायला जागा नाही, पण चांगली आहे."

"वाईट वाटतं मला. माणसाने एवढं केलं. पण मी मागत होते तेव्हा मी पस्तिशीची होते, रुखसाना. तेव्हा हौस होती. आता तिथे येऊन परत त्यांच्या ड्युटीची वाट बघत बसू? आणि ते सुट्टीवर इथे येतात ना, तर पाहुण्यासारखे हॉलमध्ये बसतात. पाणी घेऊ का, असं विचारतात मला. स्वतःच्या घरात. मला आत जाऊन रडू येतं, आणि बाहेर येऊन मी विचारते, जेवण वाढू का."

एका वळणावर ब्रेकचा आवाज झाला.

"घाटात आहात का ग तुम्ही?" वहिनींनी विचारलं.

"हो, उतरतोय."

"मग गाडी कोण चालवतंय?"

रुखसानाने माझ्याकडे बघितलं. मी रस्त्याकडे बघितलं. मग वहिनी म्हणाल्या, "उतारावर गाडी दुसऱ्या गिअरमध्ये ठेवावी. सारखा ब्रेक दाबत उतरू नये."

"दुसऱ्यातच आहे," खांबेटे म्हणाले.

आता ते प्लॅन सांगणार म्हणून मी डोळेच मिटून घेतले. पण त्यांनी विचारलं, "आई सगळा घाट डोळे मिटूनच होती?"

"सगळा. वर पोचल्यावर म्हणाल्या, आलं का?"

खांबेटे हसले. त्यांना असं हसताना मी पूर्वी पाहिलं नव्हतं, आवाज न करता, खांदे हलवत. मग हसणं थांबलं आणि खांदे हलतच राहिले.

"सुनंदा, मी आलो तर मला बसवशील गाडीत?"

"पुढच्या सीटवर आई बसतात," वहिनी म्हणाल्या. त्यांचाही आवाज आता नीट नव्हता. "तुम्हाला मागे बसावं लागेल."

"मागे चालेल," खांबेटे म्हणाले.

पुढची रुंद जागा आली तशी त्यांनी गाडी कडेला घेतली. रस्ता नीट दिसत नाहीये, इकबाल, इथून तुम्ही चालवा, असं म्हणून ते उतरले. या व्हॅनच्या स्टिअरिंगला हात लावायची परवानगी त्यांनी आजवर कुणाला दिली नव्हती. रुखसाना पुढे माझ्या शेजारी आली आणि ते मागे, तिच्या जागी, तिचा फोन हातात घेऊन बसले.

मी दुसऱ्या गिअरमध्ये घाट उतरवला. जेद्दाचे दिवे दिसेपर्यंत मागून वहिनींचा आवाज येत होता. लायसनच्या परीक्षेत त्या दोनदा नापास झाल्या होत्या, ते त्या सांगत होत्या. मधूनमधून खांबेट्यांचाही आवाज यायचा. ते फक्त "मग?" एवढंच म्हणत होते.